चित्राखालचे नाव

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा आम्ही एखाद्या संपाचा इतिहास सांगू, अशी त्यांची अपेक्षा होती. ज्याची उमर कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेण्यात गेली, त्याने दुसरे काय सांगायचे? आम्ही उलट टपाली कळविले की, आम्हांला मासिका-साप्ताहिकांत छापून येणाऱ्या छायाचित्रांविषयी बोलायचे आहे. चालकांचे उत्तर यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत काय बोलणी झाली असतील, याची आम्हांस कल्पना आहे. तरीही त्यांनी विषय मान्य केला, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत रात्री झाले. तेव्हा पंडिती विवेचनाची अपेक्षा कोणी ठेवू नये.

हा विषय डोक्यात कसा शिरला ते आधी सांगितले पाहिजे. १९९६ साली एका कारखान्यात टाळेबंदी झाली होती. आम्ही तेव्हा संघटनेत नवखे होतो. त्या कारखान्यात एक टर्नर होते, वयाने आमच्याहून दहा-बारा वर्षांनी वडील. जुन्या बाजारातून घेतलेला एक कॅमेरा त्यांच्यापाशी होता आणि रोल धुण्याची विद्या त्यांनी स्वतःच हस्तगत केली होती. टाळेबंदीच्या विसाव्या की बाविसाव्या रात्री फाटकावर बसलेल्या माणसांना डबे घेऊन बायका आल्या, त्या वेळचे एक चित्र त्यांनी टिपले. उजेड फक्त स्टोव्हचा. त्या उजेडात सात बायकांचे चेहरे. चित्राची एक प्रत त्यांनी कचेरीत आणून दिली. पुढे शहरातल्या एका साप्ताहिकाने टाळेबंदीवर लेख छापायचे ठरविले, तेव्हा आम्ही ती प्रत उचलून त्यांना देऊन टाकली. चित्र पाऊण पान छापले गेले. आम्ही हरखलो, पन्नास अंक विकत घेऊन फाटकावर वाटले.

संध्याकाळी मिस्त्री कचेरीत आले. म्हणाले, "भाऊ, फोटो झकास छापलाय. पण माझं नाव कुठं आहे?"

नाव नव्हते. मानधनाचा तर प्रश्नच नव्हता. आम्ही म्हटले, "अहो मिस्त्री, नाव संघटनेचं झालं, म्हणजे तुमचंच झालं की." त्यांनी अंकाची घडी केली, खिशात घातली आणि ते निघून गेले. आपण फार सुंदर उत्तर दिले असे त्या दिवशी आम्हांस वाटले होते. नंतरच्या वर्षांत ते उत्तर आम्हांला बोचू लागले. नावाविषयी बोलताना आम्ही त्यांचे नाव येथेही घेत नाही, ही विसंगती तुमच्या ध्यानात आली असेल. पण परवा आम्ही परवानगी मागायला गेलो, तेव्हा त्यांनीच सांगितले की भाषणात नाव नको, जिथे यायला हवे होते तिथे येऊ द्या. असो.

चित्र छापून येते ते कोणाचे? ज्याने टिपले त्याचे, ज्याने छापले त्याचे, की ज्याने पैसे मोजले त्याचे? या प्रश्नाचा इतिहास आम्ही धुंडाळला. तो वाटला होता त्याहून मनोरंजक निघाला.

छायाचित्रणाची विद्या १८३९ साली जगजाहीर झाली, पण पुढची चाळीस वर्षे वृत्तपत्रांना तिचा थेट उपयोग करता आला नाही. कारण साधे आहे. छापखान्याच्या यंत्राला दोनच गोष्टी कळतात: शाई लावणे आणि न लावणे. छायाचित्रात तर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत असंख्य छटा. म्हणून मूळ चित्र समोर ठेवून एक कारागीर लाकडाच्या ठोकळ्यावर ते कोरून काढी, आणि छापले जाई ते हे कोरीवकाम. पुष्कळदा कोपऱ्यात सही असे ती कोरणाऱ्याची. खाली बारीक अक्षरांत ‘छायाचित्रावरून’ एवढेच. कोणाच्या छायाचित्रावरून, हे सांगण्याची गरज सहसा कोणास वाटत नसे. पुढे एक युक्ती निघाली. चित्र आणि काच यांच्यामध्ये बारीक रेषांची जाळी धरली की छटांचे लहानमोठे ठिपके होतात. ठिपक्याला शाई लागते, मधल्या जागेला लागत नाही, आणि दुरून पाहणाऱ्या डोळ्याला करडा रंग दिसतो. आपले छापखानेवाले ज्याला हाफटोन ब्लॉक म्हणत, तो हाच. ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ने या रीतीने एक छायाचित्र छापले. विषय कोणता, तर गरिबांच्या झोपड्या. राजवाडा नव्हे, सेनापती नव्हे. आम्हांला यात उगाच आनंद होतो, हे कबूल करतो.

तरी रूळ बदलायला वेळ लागला. जेकब रीस या बातमीदाराने न्यूयॉर्कच्या चाळींतल्या अंधाऱ्या खोल्यांची छायाचित्रे चमकदिव्याच्या उजेडात घेतली. डिसेंबर १८८९ मध्ये ‘स्क्रिब्नर्स’ मासिकात त्याचा लेख आला, त्यातली चित्रे छायाचित्रांवरून काढून कोरलेली होती. मूळ छायाचित्रांची धग त्यांत उरली नव्हती.

आता ज्याच्यापाशी आम्हांला थोडे थांबायचे आहे तो माणूस म्हणजे लुइस हाइन. जन्म १८७४, अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातला. बाप वारल्यावर कोवळ्या वयात कारखान्यात राबलेला, पुढे न्यूयॉर्कला शाळामास्तर झालेला. शाळेसाठी म्हणून कॅमेरा हाती आला आणि मग सुटला नाही. १९०८ साली राष्ट्रीय बालमजूर समितीने त्याला नेमले आणि तो गिरण्या, खाणी, काचकारखाने, मासळीचे कारखाने पालथे घालू लागला. मालक आत सोडीत नसत. मग हा कधी विमा एजंट, कधी बायबल विकणारा, कधी यंत्रांची चित्रे काढायला आलेला माणूस होई. कोटाची बटणे जमिनीपासून किती इंचांवर आहेत हे त्याने आधी मोजून ठेवलेले असे. पोराला जवळ उभे केले की उंची कळे आणि उंचीवरून वयाचा अदमास घेता येई. खिशात हात घालून खिशातल्या खिशात तो टिपणे लिही.

मासिकात चित्र छापून यावे असे वाटणाऱ्या तरुणांनी हाइनचा हा भाग पुन्हा पुन्हा ऐकावा. ‘चॅरिटीज अँड द कॉमन्स’ या नियतकालिकाने, ज्याचे नाव १९०९ पासून ‘सर्व्हे’ झाले, त्याची चित्रे सातत्याने छापली. ती का छापली? चित्रे चांगली होती म्हणून, हे तर झालेच. पण त्याच्या चित्राबरोबर मजकूर येई: गिरणीचे ठिकाण, मुलाचे किंवा मुलीचे नाव, वय, किती दिवसांपासून कामावर, रोज किती मिळतो, पाळी दिवसाची की रात्रीची. संपादकाच्या हाती नुसते चित्र पडत नसे, साक्ष पडे. कोणी खोटे म्हटले तर तारीख आणि ठिकाण तयार. आम्ही युनियनवाले औद्योगिक न्यायालयात कागद दाखल करतो तो याच रीतीने. म्हणून हाइन आम्हांला आपल्यातला वाटतो. आज फोनमध्ये शेकडो चित्रे घेऊन हिंडणारी मुले आम्हांला विचारतात, मासिकवाले आमचे चित्र का घेत नाहीत? आम्ही विचारतो, चित्रातल्या बाईचे नाव काय? ते मुलास ठाऊक नसते. मग ‘साभार परत’ येते याचे नवल काय?

हाइनच्या चित्रांनी लोकमत ढवळले. १९१६ साली अमेरिकेत बालमजुरीविरुद्ध संघराज्याचा कायदा झाला. दोनच वर्षांत तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. टिकाऊ कायदा व्हायला १९३८ साल उजाडले. तोवर हाइनला विचारणारे कोणी उरले नव्हते. सरकारी छायाचित्रण विभागात त्याने काम मागितले, ते मिळाले नाही. घर गेले. १९४० साली तो दारिद्र्यात वारला. त्याच्या काचा आणि प्रती न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाला देऊ केल्या, तर त्यांनी घेतल्या नाहीत. शेवटी रोचेस्टरच्या ईस्टमन संग्रहालयाने त्या ठेवून घेतल्या.

यानंतर जर्मनीकडे वळू. तेथे १९२०च्या दशकात सचित्र साप्ताहिकांचा सुकाळ झाला. ‘बर्लिनर इलुस्ट्रिर्टे’ हे साप्ताहिक वीस लाखांच्या घरात खपू लागले. १९२५ साली लायपझिगच्या जत्रेत लायका हा हातात मावणारा कॅमेरा विक्रीला आला. पण या साप्ताहिकांत कामगार दिसे तो क्वचित, आणि दिसला तर दंगल करताना. विली म्युन्झेनबर्ग नावाच्या कम्युनिस्ट संघटकाने कामगारांचे स्वतःचे सचित्र पत्र काढले. त्याचे नाव सुटसुटीत करून ‘ए. आय. झेड.’ असे म्हणत. त्याची अडचण अशी की, चित्रे विकणाऱ्या संस्थांकडे कारखान्याच्या आतली, कामगाराच्या स्वयंपाकघरातली चित्रे नव्हतीच. म्हणून मार्च १९२६ मध्ये पत्राने स्पर्धा लावली: कामगारांनो, तुमचे जिणे तुम्हीच टिपा आणि आम्हांकडे पाठवा.

त्याच वर्षी ‘डेर आर्बायटर-फोटोग्राफ’, म्हणजे कामगार छायाचित्रकार, हे मासिक निघाले. १९२७ साली एर्फुर्ट येथे या मंडळींची देशव्यापी परिषद झाली. गावोगावी गट उभे राहिले. एकाला कॅमेरा परवडत नाही, तर चौघांत एक. अंधारखोली कोणाच्या तरी माळ्यावर. मासिकात चित्रांवर रोखठोक टीका होई, कुठे चुकले ते सांगितले जाई. आमच्या मते छायाचित्रकलेचे इतके स्वस्त आणि इतके उपयोगी विद्यालय क्वचितच निघाले असेल. पत्राचा खप ऐन भरात पाच लाखांपर्यंत गेल्याचे सांगतात; आम्ही स्वतः युनियनचे सभासद मोजणारे असल्यामुळे अशा आकड्यांकडे किंचित सावधपणे पाहतो.

या चित्रांखाली नावे बहुधा नसत. ‘कामगार छायाचित्रकार’ एवढेच असे. १९९६ सालचे आमचे उत्तर आठवा! आधी आम्हांला वाटले, सापडला आधार. पण खोलात गेल्यावर कळले की तिकडची कारणे वेगळी होती. कारखान्याच्या आतले चित्र काढणाऱ्याचे नाव छापले तर दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली म्हणून समजा, आणि पोलीस दारात. तिथे नाव गाळणे हे चिलखत होते. आमच्या मिस्त्रींना कोणते चिलखत हवे होते? ते फाटकाबाहेर उघड उघड कॅमेरा घेऊन उभे होते. व्यवस्थापनाला त्यांचे नाव पाठ होते.

या पत्राची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९३१ साली त्यांनी मॉस्कोच्या फिलिपोव्ह नावाच्या कामगार कुटुंबाचा चोवीस तासांचा दिनक्रम चित्रांतून छापला. नीटनेटके घर, टेबलावर जेवण, ट्रामचा प्रवास. पुढे बर्लिनच्या फुर्नेस कुटुंबाचा तसाच दिनक्रम छापून त्यांनी त्याला जोड दिली. यांच्या घरी बेकारी आणि चणचण. चित्रमालिका म्हणून दोन्ही उत्तम. पण मॉस्कोचे कुटुंब निवडून घेतलेले होते आणि चित्रे योजून काढलेली होती. आम्ही लाल बावट्याखाली वाढलो तरी हे बोलले पाहिजे: आपल्या बाजूचे म्हणून सजविलेल्या चित्राला साक्ष म्हणता येत नाही. १९३३ साली हिटलर आला, पत्र प्रागला पळाले आणि १९३८ साली संपले. कॅमेरा वापरणाऱ्या कित्येकांना लपावे लागले, कित्येक तुरुंगात गेले.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ सालचा, नवसारीचा. शिक्षण मुंबईस जे. जे. कलाशाळेत. माणेकशा व्यारावाला हे त्यांचे मित्र, पुढे पती. कॅमेरा त्यांनी शिकविला. होमाईबाईंची पहिली चित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये आली, एका महिला मंडळाच्या सहलीची. एका चित्राला एक रुपया. मग ‘इलस्ट्रेटेड वीकली’त चित्रे येऊ लागली, पण खाली नाव माणेकशांचे. कारण बाई तरुण, अनोळखी, आणि बाईने काढलेले चित्र कोण गंभीरपणे घेणार? त्यांच्या कॅमेऱ्यातून मुंबईचे रस्ते, इस्पितळे, युद्धकाळातली लगबग देशभर पोहोचत होती, आणि वाचक मनात दाद देत होता ती दुसऱ्याला. येथे नवरा लबाड होता असे कोणी समजू नये. त्यांचा संसार प्रेमाचा होता आणि नाव वापरणे ही दोघांची सोय होती. आम्हांला खटकते ती सोय नव्हे, ती करावी लागली हे. १९४२ साली त्या दिल्लीस गेल्या, आणि स्वातंत्र्याच्या पहाटेची अनेक चित्रे त्यांनी टिपली. १९७० साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. २०११ साली पद्मविभूषण मिळाले. त्यानंतर वर्षभरात, जानेवारी २०१२ मध्ये त्या वारल्या. ज्या साप्ताहिकात त्यांचे नाव पतीच्या नावाआड राहिले ते १९९३ सालीच बंद पडले होते.

त्याच २०१२ साली सुनील जाना हेही गेले. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांनी त्यांना आणि चित्तप्रसाद या चित्रकाराला बरोबर घेऊन गावे दाखविली. जानांची चित्रे पक्षाच्या ‘पीपल्स वॉर’मध्ये आली आणि उपासमारीने वाळलेली माणसे देशाने पाहिली. हे पत्र मुंबईहून निघे. मराठीतले त्याचे भावंड म्हणजे ‘लोकयुद्ध’. हाइनला समिती मिळाली, जानांना पक्ष मिळाला. मासिकाच्या संपादकाला पटविण्यापेक्षा हा रस्ता जवळचा खरा. पण पक्षाची धोरणे फिरली की चित्रकाराचीही जागा हलते. जोशी १९४८ साली पदावरून दूर झाले, आणि जानांचेही पक्षाशी असलेले नाते पुढे टिकले नाही.

तिकडे १९४७ साली न्यूयॉर्कला एक गोष्ट घडली, जी कोणा युनियनवाल्याला सुचायला हवी होती. रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ, डेव्हिड सेमूर, जॉर्ज रॉजर इत्यादींनी मिळून ‘मॅग्नम’ नावाची छायाचित्रकारांची सहकारी संस्था काढली. तोवरचा रिवाज असा की, ‘लाइफ’सारख्या मोठ्या साप्ताहिकाने काम सांगितले की निगेटिव्ह आणि हक्क त्याच्याच कपाटात. मॅग्नमवाल्यांनी सांगितले: चित्र एकदा छापण्याची परवानगी विकू, चित्र विकणार नाही. हक्क काढणाऱ्याचा, संस्था आपले दलाल-शुल्क घेईल आणि तेच चित्र दुसऱ्या देशातल्या मासिकाला पुन्हा देईल. कारागिराने हत्यार आपल्या हाती ठेवले, एवढाच याचा अर्थ. कार्तिए-ब्रेसाँ ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींना भेटून, चित्रे काढून बाहेर पडले आणि थोड्याच वेळात खुनाची वार्ता आली. पुढची चित्रे जगभर छापली गेली. याच संस्थेच्या वेर्नर बिशोफने १९५१ साली बिहारच्या दुष्काळाची चित्रे काढली, ती ‘लाइफ’मध्ये आली. या माणसांनी किंमतही मोजली. १९५४च्या मे महिन्यात बिशोफ पेरूच्या डोंगरात अपघातात आणि कापा इंडोचायनात सुरुंगावर, असे नऊ दिवसांच्या अंतराने दोघे गेले.

आता कायद्याचे कलम, जे शोधताना आम्ही खरोखर चकित झालो. इंग्रजांचा १९११ सालचा कायदा १९१४ साली येथे लागू झाला. त्याप्रमाणे छायाचित्राचा कर्ता कोण? तर मूळ निगेटिव्ह तयार होताना जो तिचा मालक असेल तो. म्हणजे काच ज्याची, चित्र त्याचे. डोळा कोणाचा हे विचारायचे नाही. स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ सालचा, अंमल २१ जानेवारी १९५८ पासून. त्यात लिहिले आहे की, छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते घेणारी व्यक्ती. एका ओळीत केवढी मजल! मात्र पुढे सतरावे कलम आहे. नियतकालिकाच्या नोकरीत असताना काढलेल्या चित्राचा, छापण्यापुरता हक्क, उलट करार नसेल तर मालकाचा. बाकी हक्क काढणाऱ्याचा. पैसे देऊन कोणी मुद्दाम काढवून घेतले असेल तर हक्क पैसे देणाऱ्याचा, तोही उलट करार नसेल तर. आणि सत्तावन्नावे कलम सांगते की, हक्क विकून टाकला तरी कृती माझी आहे असे म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. त्याआधीच, १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने वृत्तछायाचित्रकाराला पत्रकारांच्या व्याख्येत बसविले होते. २०१२ सालच्या दुरुस्तीने छायाचित्राचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षे असा केला; त्यापूर्वी लेखकाला मिळणारी ही मुदत छायाचित्रकाराला मिळत नव्हती.

मिस्त्री कोणाच्या नोकरीत चित्र काढीत नव्हते. त्यांना कोणी पैसे दिले नव्हते. म्हणजे चित्र त्यांचे, हक्क त्यांचा, आणि आम्ही जे साप्ताहिकाला देऊन आलो ते देण्याचा आम्हांला अधिकारच नव्हता. दोष एकट्या साप्ताहिकावर ढकलून आम्हांस मोकळे होता येत नाही. चित्र देताना मागच्या बाजूला पेन्सिलीने एक नाव लिहायला किती वेळ लागला असता?

कायदा वाचून झाल्यावर, गेल्या पौषात, आम्ही त्यांच्या घरी गेलो. आता ते निवृत्त आहेत, ऐकू थोडे कमी येते. युनियनच्या यंदाच्या अहवालात ते चित्र नावासह छापायचे आहे, असे आम्ही सांगितले. त्यांनी पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला. आत बटरपेपरच्या पाकिटांत निगेटिव्ह, प्रत्येकावर तारीख. हवे ते पाकीट त्यांनी बरोबर काढले आणि आमच्या हाती दिले. त्यावर तारखेखाली, स्टोव्हच्या उजेडातल्या बायकांची सात नावे डावीकडून उजवीकडे लिहिलेली होती. त्यांतली आम्हांला दोनच माहीत होती. उरलेली पाच त्यांनी आम्हांस वहीत उतरवून घ्यायला लावली आणि आडनावे नीट लिहिली आहेत की नाहीत, ते चष्मा लावून तपासून पाहिले.